तडजोड केलीत, पावती कुठे आहे?

पत्र थोडं कापून आणि ओळख पटेल असे तपशील काढून देते आहे.

"ताई, नमस्कार. मी सांगलीजवळच्या एका मोठ्या गावात राहते. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. वय ५०. वडील राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी. त्यांचं निम्मं आयुष्य काँग्रेसविरुद्ध घोषणा देण्यात गेलं, आणि डिसेंबर १९९२ला बाबरी पडल्यानंतर एक दिवस जेवताना म्हणाले, 'आता पंजाच. दगडापेक्षा वीट मऊ.' १९९५ला मला पहिल्यांदा मतदानाला घेऊन गेले तेव्हा वाटेत म्हणाले, 'पण वीट मऊ म्हणून उशाला घेऊ नकोस.' तेव्हापासून मी पंजाच. तीस वर्षं झाली.

२०१९ला आमच्या पक्षाने शिवसेनेबरोबर सरकार केलं, मी गिळलं. जून २०२२ला त्या सरकारच्या शेवटच्या बैठकीत औरंगाबादचं नाव बदललं, आमचे मंत्री त्याच टेबलावर होते, गिळलं. २०२४च्या लोकसभेला आघाडीने ४८ जागांत एकही मुसलमान उमेदवार दिला नाही, तेही गिळलं. सांगलीत तर लागोपाठ दोन लोकसभांना यंत्रावर पंजाच नव्हता, एकदा मित्रपक्षाची बॅट आणि एकदा शिवसेनेची मशाल. २०२४ला मी चिडून बंडखोर अपक्षाच्या लिफाफ्यावर बटण दाबलं आणि घरी येऊन अपराधी वाटत राहिलं.

पण जुलै २०२५ला जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हा घशाखाली काही उतरेना. माझी कॉलेजची मैत्रीण घरकामगार बायकांच्या संघटनेत काम करते. तिचा रात्री फोन आला, 'तुझे लोक गप्प का बसले गं?' मला उत्तर सुचलं नाही. त्यानंतर तिचा फोन नाही, माझाही नाही. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो, 'आई, तुला गृहीत धरलंय. नोटा दाब.' आणि धाकटे दीर पक्षाचं काम करतात. जिल्हा परिषदेसाठी बायकांची बैठक आमच्याच घरी घ्यायची म्हणून मागे लागलेत. मी किती दिवस विटेलाच मत देत राहू? आणि नाही दिलं तर काय करू?"

बाई, तुमच्या वडिलांपासून सुरू करते, कारण पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्यांचं आहे.

सेवा दलातले म्हणजे १९७७ला त्यांनी जनता पक्षाचा प्रचार केला असणार. तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हाला सांगायला नको. समाजवाद्यांनी आपला पक्ष मोडून जनता पक्षात घातला आणि ज्या जनसंघाशी भांडत आले होते, त्याच्याच मांडीला मांडी लावून बसले. दोन वर्षांत दुहेरी सदस्यत्वावरून, म्हणजे जनता पक्षात राहून संघातही राहायचं का यावरून, सगळं फाटलं. त्या पिढीतली माणसं अजून एकमेकांना त्याचे टोमणे मारतात. पण मधल्या काळात, १९७८ साली, चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली. 'अंतर्गत अशांतता' एवढ्या कारणावरून आणीबाणी लावता येत होती. ते शब्द काढून तिथे 'सशस्त्र बंड' घातलं गेलं. १९७५सारखी आणीबाणी आज लावायची म्हटली तर घटनेतच अडसर आहे, आणि तो त्या कडबोळ्या सरकारने घातला. तुमच्या वडिलांच्या तडजोडीची ती पावती. विचारलं असतंत तर त्यांनी खिशातून काढून दाखवली असती.

म्हणून तडजोडीला मी नावं ठेवत नाही. मंडईत घासाघीस करून चार रुपये जास्त गेले तरी पिशवीत मेथीची जुडी असते. पाकीटही रिकामं आणि पिशवीही रिकामी, असं घरी आलं तर त्याला घासाघीस म्हणत नाहीत. तुमची पंचाईत अशी झालीय की तीस वर्षांतल्या सगळ्या गोष्टी तुम्ही एकाच घशाने गिळल्यात. त्यांतल्या काहींची पावती आहे, काहींची नाही. त्या वेगळ्या काढल्या की तुमचा राग कमी होईल असं नाही. कदाचित वाढेलच. पण तो योग्य दाराशी जाऊन उभा राहील.

जुलैचंच आधी घेऊ. मैत्रिणीला द्यायला तुम्हाला उत्तर सुचलं नाही, कारण ते नव्हतंच. विधेयक पहिल्यांदा आलं जुलै २०२४ला. डिसेंबरात पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांनी साडेबारा हजारांवर हरकती आणि सूचना पाठवल्या. एखादी संघटना बेकायदा ठरवायचा अधिकार सरकारला मिळतो, आणि मग तिचं सदस्य असणं, तिच्यासाठी वर्गणी गोळा करणं, बैठकीला जागा देणं, सगळंच गुन्ह्यात येतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. सरकारचं म्हणणं, हे माओवाद्यांच्या शहरातल्या आघाड्यांपुरतं आहे, लोकशाही मार्गाने आंदोलन करणाऱ्यांना धक्का लागणार नाही. विरोधकांचं म्हणणं, आधीचे कायदे पुरेसे आहेत आणि ही व्याख्या रबरासारखी ताणता येते. घरकामगार बायकांच्या वर्गणीचं पुस्तक जिच्या पिशवीत असतं, तिची झोप का उडाली ते मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

त्या समितीत विरोधी बाकांवरचे चांगले मुरलेले नेते होते, तुमच्या पक्षाचेही. समितीच्या अहवालाला भिन्नमतपत्रिका जोडता येते. त्यासाठी ना बहुमत लागतं ना कुणाची परवानगी. दोन ओळींची असली तरी चालते. एकानेही जोडली नाही. १० जुलैला विधानसभेत आवाजी मतदान झालं, आणि ठामपणे विरोध नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी. माकपचे सभागृहातले एकुलते एक आमदार. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. वरातीमागून घोडं.

आवाजी मतदान म्हणजे काय, ते एकदा मुलांना वर्गात करून दाखवा. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. कुठला आवाज मोठा ते कानाने ठरतं. कोण ओरडलं, कोण पुटपुटलं, कोण चहा प्यायला बाहेर गेलं, यातलं काही कागदावर येत नाही. सदस्यांनी मतविभागणीचा आग्रह धरला की मग नावं नोंदली जातात. सत्ताधाऱ्यांचं संख्याबळ पाहता विधेयक अडलं नसतंच, हे मलाही कळतं. पण कोण कुठे उभं होतं ते छापून आलं असतं आणि तुम्हाला मैत्रिणीला सांगता आलं असतं, 'हरले गं, पण नाही म्हणाले.' त्या दिवशी पावतीपुस्तकच बाहेर काढलं नाही कुणी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. समितीत काही शब्द बदलले. आधीचा मसुदा जास्त मोघम होता. व्यक्ती आणि संघटना असं मोकळं लिहिलं होतं, त्याऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं आलं. ('तत्सम' हा शब्द ज्याने घातला त्याला साष्टांग नमस्कार.) ही आमची कमाई, असं तुमच्या नेत्यांना वाटत असेल तर त्यांनी गावात येऊन तसं सांगावं. एवढं अडवलं, एवढं अडवता आलं नाही. तसं सांगितलं असतं तर मी त्याला तडजोड म्हटलं असतं. आत गप्प बसून बाहेर पत्रकारांपुढे गरजायचं, याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे आणि तो सदरात छापत नाहीत.

आता २०१९. इथे मी तुमच्याइतकी रागावलेली नाही, हे आधीच सांगते. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४. चौथ्या नंबरच्या पक्षापुढे दोनच वाटा होत्या. विरोधात बसायचं, नाहीतर पूर्वी ज्यांच्याशी डोकी फोडून घेतली त्यांच्याबरोबर बसायचं. बसले, पण समान किमान कार्यक्रम लिहून घेतला आणि त्याच्या सुरुवातीलाच संविधानातल्या धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख घालून घेतला. ज्यांचं अवघं राजकारण हिंदुत्वावर उभं राहिलं, त्यांच्या सहीखाली तो शब्द येणं ही किरकोळ गोष्ट नव्हती. दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली, दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. पावती आहे, जाडजूड आहे.

पण सरकार येऊन दोन आठवडे होत नाहीत तोच नागरिकत्व दुरुस्ती विधेयक आलं. शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिलं, आणि दोन दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. मधल्या दोन दिवसांत दिल्लीहून कुणीतरी कान धरला असणार. म्हणजे धरला तर कान हलतो! मग फेब्रुवारी २०२०मध्ये मुसलमानांना शिक्षणात पाच टक्के आरक्षण देणार असं नवाब मलिक यांनी सभागृहात सांगितलं, मुख्यमंत्री म्हणाले असा प्रस्ताव माझ्यापुढे आलेलाच नाही, आणि तो विषय तिथेच निजला तो निजलाच. तेव्हा कान धरायला कुणी गेलं नाही. माझा राग इथे आहे. सोबत बसले यावर नाही.

आणि औरंगाबाद. माझं माहेर तिथलं. नाव मी अजून सवयीने तेच घेते आणि भाचरं मला सुधारतात. या शहराने नावाच्या दोन तडजोडी पाहिल्या, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली विद्यापीठाची. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. सरकारने ठराव बाजूला ठेवला. लॉंग मार्च निघाले, माणसं तुरुंगात गेली, माणसं मेली. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ला, निर्णय झाला. तोही नामांतराचा नाही, नामविस्ताराचा. 'मराठवाडा' ठेवायचं आणि पुढे 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लावायचं. शब्द बघा, काय डोकं लावून शोधलाय! त्याच सुमारास नांदेडला वेगळं विद्यापीठही निघालं. 'मागितलं काय आणि हातावर ठेवलं काय,' असं तेव्हा कितीतरी कार्यकर्ते चिडून म्हणाले. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तेव्हा त्यांच्यातच होती.

आता ती प्राध्यापक आहे. दर १४ जानेवारीला ती विद्यापीठाच्या गेटवर जाते. संक्रांतीचा दिवस. खेड्यापाड्यांतून टेम्पो भरून माणसं आलेली असतात, पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल. कॅलेंडरवाला आणि चरित्रांवाला शेजारी शेजारी ओरडत असतात. म्हाताऱ्या बायका चप्पल काढून गेटच्या दगडाला डोकं टेकवतात. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. तिळगूळ देता देता मी तिला चिडवलं, "काय गं, विस्तार की अंतर?" ती म्हणाली, "काहीही म्हण. माझ्या विद्यार्थिनींच्या डिग्रीवर बाबासाहेबांचं नाव आहे." पावती म्हणजे अक्षरशः हातात धरता येणारा, शिक्का मारलेला कागद. त्याची किंमत कुणी मोजली, हे मात्र त्या कागदावर लिहिलेलं नसतं. वस्त्या जळाल्या त्यांनी मोजली. सोळा वर्षं 'योग्य वेळ' बघत बसलेल्या पुढाऱ्यांनी नाही.

दुसरी तडजोड २९ जून २०२२ची. सरकार पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी शेवटच्या बैठकीत औरंगाबादचं संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. २०२१च्या जानेवारीत हाच विषय निघाला होता तेव्हा बाळासाहेब थोरातांनी उघडपणे सांगितलं होतं की काँग्रेसचा विरोध आहे. दीड वर्षाने विरोध कुठे गेला? सरकार वाचवायला गेला म्हणावं तर ते त्याच रात्री पडलं. पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने तोच निर्णय, नावापुढे 'छत्रपती' जोडून, स्वतःच्या नावावर करून घेतला. म्हणजे दिलं आपण आणि श्रेय दुसऱ्याच्या खात्यात. तुम्ही हे कर्जमाफीच्याच घोटाबरोबर गिळलंत. या दोन गोष्टींना एक भाव नको.

याच चालीने मागे गेलात तर तुमच्या वर्गात एक तास शहाबानोवरही घ्यावा लागेल. १९८५ला सर्वोच्च न्यायालयाने एका म्हाताऱ्या बाईला पोटगी दिली, १९८६ला संसदेने कायदा करून त्या निकालाची हवा काढली, आणि त्याच वर्षी १ फेब्रुवारीला अयोध्येत बाबरी मशिदीचं कुलूप उघडलं. एका बाजूच्या कर्मठांना हे, दुसऱ्या बाजूच्यांना ते. हमीद दलवाईंच्या मुस्लिम सत्यशोधक मंडळातली माणसं तलाकपीडित बायकांसाठी तोवर सोळा वर्षं झिजत होती. त्यांना कुणी विचारलं नाही. त्या सौद्याचा हप्ता तुमचे वडील १९९२ला फेडत होते, आणि गंमत अशी की त्यासाठी त्यांना सौदा करणाऱ्याच पक्षाला मत द्यावं लागलं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग पक्षात आपलं ऐकणारं कुणी नाहीच. आहे, पण ते आपोआप ऐकत नाहीत. जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळचं माझ्या डोळ्यांसमोरचं सांगते. हिवाळी अधिवेशनाला आम्ही काहीजणी नागपूरला जायचो, आमदार निवासात खोली खोली फिरायचो. सत्तेतल्या पक्षाचे एक आमदार मोठे गोड होते. चहा मागवायचे आणि म्हणायचे, "ताई, मी तुमच्याच विचाराचा. पण माझ्या तालुक्यातनं दिंड्या निघतात." आमच्या हातातल्या मसुद्यावर पेन्सिलीच्या रेघा वाढत चालल्या होत्या. या वर्षी हे कलम गेलं, पुढच्या वर्षी ते. बरोबरचा एक तरुण कार्यकर्ता एकदा वैतागून म्हणाला, "उरलंय काय यात?" बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी उरलेली कलमं त्याला बोटावर मोजून दाखवली. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देणं. एवढं मिळालं तरी चालेल, म्हणाले.

२००५ला ते विधानसभेत मंजूर होऊन विधान परिषदेत अडकलं. तेव्हापासूनची सरकारं तुमच्या-माझ्याच विचारांची म्हणवणारी होती सगळी. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि २४ ऑगस्टला वटहुकूम निघाला. इतकी वर्षं जे सुचलं नव्हतं ते चार दिवसांत सुचलं. डिसेंबरात कायदा झाला. आज राज्यात कुठे भोंदूबाबावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली की मला त्या पेन्सिलीच्या रेघा आठवतात. कलमं सोडली त्यांना मी दोष देत नाही. चहा पाजून परत पाठवणाऱ्याला अजून माफ केलेलं नाही, आणि तो मनुष्य पुढे कुठल्या पक्षात गेला ते विचारू नका.

आता तुमचं मत. कुणाला द्या हे मी सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण लिफाफ्याचा अपराधीपणा आधी सोडा. सांगलीची जागा मुंबई-दिल्लीत बसून वाटली गेली. सांगलीकरांनी ती वाटणी मानली नाही आणि विशाल पाटलांना अपक्ष म्हणून सुमारे लाखभराच्या फरकाने निवडून दिलं. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसरा आला. मग काय झालं? विशाल पाटलांनी काँग्रेसलाच पाठिंब्याचं पत्र दिलं आणि पक्षाच्या ९९ जागा १०० झाल्या. बंडखोराला कुणी घराबाहेर काढलं नाही, उलट दार उघडून घेतलं. म्हणजे तुमच्या डोक्यावरून झालेली तडजोड तुम्ही मोडलीत आणि पक्षाने ती मुकाट मान्य केली. इतकी स्वच्छ पोच मतदाराला क्वचित मिळते, आणि तुम्ही त्या रात्री अपराधी वाटून घेत होतात!

मुलाला मात्र लातूरची गोष्ट सांगा. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख मोठ्या फरकाने जिंकले, आणि दुसऱ्या नंबरवर कोण? नोटा. सत्तावीस हजारांहून जास्त मतं. युतीत ती जागा शिवसेनेला गेल्याचा स्थानिक भाजपवाल्यांचा राग त्यात होता, अशी चर्चा तेव्हा सगळीकडे झाली. २०२४ला ती जागा भाजपने स्वतः लढवली आणि जिंकली. तिथल्या नोटाला आवाज होता, कारण हजारोंनी मिळून दाबला आणि कशासाठी दाबला ते गावभर माहीत होतं. तुमचा मुलगा पुण्यातून गुपचूप येऊन एक बटण दाबून गेला तर ते पक्षाला कळणारही नाही. तो आळस होता की राग, हे यंत्र सांगत नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ला काही स्थानिक निवडणुकांसाठी नोटा पहिल्या नंबरवर आला तर फेरनिवडणूक असा नियम आणला, तोही त्याला सांगा. पण त्यासाठी आधी गाव बांधावं लागतं. तेवढी तयारी असेल तर माझी हरकत नाही.

दिरांना बैठकीला हो म्हणा. ते काम करतात ते पुढाऱ्यांच्या चुकांसाठी नव्हे. रस्ता, पाणी, शाळेची खोली यासाठी जिल्हा परिषद लागते, आणि मधली कितीतरी वर्षं तिथे प्रशासक बसला होता. पण घर तुमचं आहे तर अट तुमची. कोणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवणार. पहिला फोन मैत्रिणीला करा. स्पष्टीकरण देत बसू नका. "त्या दिवशी मला उत्तर नव्हतं, अजून नाही. तू ये आणि तूच विचार," एवढं म्हणा. ती आली नाही तरी फोन तुमच्याकडून गेलेला असेल.

आली, तर प्रश्न एकच ठेवा. दहा प्रश्न विचारले की पुढारी सोप्यातलं उत्तर देऊन निघून जातो. अशा विधेयकावर पुढच्या वेळी तुम्ही मतविभागणी मागणार का, हो की नाही? जिल्हा परिषदेचा उमेदवार म्हणेल, वहिनी, हे माझ्या हातात नाही. खरंच नसतं. पण प्रचाराला तुमच्याच पक्षाचे आमदार येणार, तेव्हा बायकांच्या सह्यांचं पत्र त्यांच्या हातात द्यायचं काम त्याच्या हातात असतं. दिरांना कसंनुसं होईल. होऊ द्या. तीस वर्षं तुम्हाला होत होतं.

आणि पत्र नुसतं त्यांच्या हातात देऊन थांबू नका. सतरंज्या उचलताना खिशातले कागद कुठे जातात ते मी पाहिलंय. दोन प्रती काढा. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आमदारांच्या संपर्क कार्यालयात जा. तिथला पोरगा म्हणेल, ठेवा इथे, साहेबांना सांगतो. खुर्ची ओढून बसा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय उठू नका.